बोंबलाचं तोंड उघडून बघा कधीतरी

बाजारात पापलेट घेताना आपण कल्ले उचलून बघतो, सुरमईचा तुकडा दाबून बघतो, बोंबलाच्या तोंडात मात्र कोणी बघत नाही. बघणार तरी कसं, वाट्याचे पैसे दिले की मावशी पहिलं डोकंच उडवते आणि ते पाटीखाली जातं. पुढच्या वेळी एक बोंबील अख्खा मागून घ्या, ताटात ठेवा आणि खालचा जबडा बोटाने हळूच खाली ओढा. एवढ्या लुळ्या, हातात धरला तरी दोन्हीकडून लोंबणाऱ्या माशाला असलं तोंड असेल असं खरंच वाटत नाही.

तोंडाची फट डोळ्याच्या कितीतरी मागे जाते, जवळजवळ सगळं डोकं म्हणजे तोंडच. डोळे बारीक, आणि तेही एकदम पुढे, नाकाडाच्या टोकाजवळ ढकलल्यासारखे. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. आणि दात. सुईसारखे बारीक, लांब, आतल्या बाजूला वळलेले, वरच्या जबड्यात, खालच्या जबड्यात, टाळूवर पण. खालच्या जबड्यातले सगळ्यात लांब, आणि काही दातांच्या टोकाला बारीक आकडा असतो तो भिंगातून बघितला तर दिसतो. गंमत म्हणजे हे दात आतल्या बाजूला झुकतात. बोट आत घातलं तर सहज जातं, बाहेर काढताना अडकतं (मी करून बघितलंय, तुम्ही करू नका, ओरखडे येतात). म्हणजे एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखी सिस्टिम आहे, कोळंबी असो की मासा, आत गेला की परत यायचा रस्ता बंद. माशांच्या कल्ल्यांना आतून कंगव्याच्या दात्यांसारखी जी रांग असते ती बोंबलात जवळपास नसतेच, तिथे पण नुसते बारीक काटे आहेत. पाणी गाळून बारीकसारीक खाणाऱ्यातला हा नाहीच, हा अख्खं गिळणारा आहे.

या तोंडाचा उपयोग आपल्या कोळी लोकांनी कधीच ओळखलेला आहे. वेसावे, मढ, उत्तन, अर्नाळा, कुठेही पावसाळ्यानंतर गेलात तर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. ते दोरीला बांधलेले नसतात, चिमटे नसतात, काही नसतं. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या तोंडात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. वारा कितीही येऊ दे, दात सोडत नाहीत. बायका हे काम बोलता बोलता एवढ्या फास्ट करतात की बघणाऱ्याला कळत पण नाही नेमकं काय केलं.

आता तोंडाकडून मागे या. पुढचं अर्धं अंग उघडं, खवलं नाहीतच. खवलं सुरू होतात ती मागच्या अर्ध्या भागात, पातळ, नखाने ओढली की निघणारी. पण अंगाच्या मधून जी रेघ जाते ना, लॅटरल लाइन, म्हणजे पाण्यातली हालचाल आणि दाब जाणवणारी रेघ, तिच्यावर खवलांची ओळ असते आणि ती रेघ शेपटीपाशी संपत नाही, शेपटीत घुसते. त्यामुळे बोंबलाची शेपटी दोन टोकांची न दिसता तीन टोकांची दिसते, मधलं छोटं टोक या रेघेचं. कोळ्याने न सांगता बोंबील ओळखायचा असेल तर शेपटी बघा, बाकी बाजारातल्या माशांमध्ये असली शेपटी सहज सापडणार नाही. छातीचे पर लांब आहेत, पाठीवरचा पर सुरू होतो त्याच्याही मागे पोचतात. पोटाखालचे पर पण लांब. आणि पाठीवर शेपटीच्या अलीकडे अजून एक छोटुसा मऊ पर, ज्यात काटे नसतात, नुसती चरबी-कातडीची फडफड.

या छोट्या पराने जुन्या काळात भल्याभल्यांना चकवलं. असा चरबीचा पर म्हणजे सॅमन आणि स्मेल्ट (थंड पाण्यातले छोटे मासे) यांच्या खानदानाची खूण असं युरोपात पक्कं डोक्यात बसलेलं. फ्रान्सिस हॅमिल्टन हा ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर, त्याने 1822 मध्ये गंगेतल्या माशांवर पुस्तक काढलं त्यात बोंबील स्मेल्टच्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, टाकला. तीन वर्षांनी, 1825 ला, फ्रेंच लेस्युअरने तोच मासा सॅमनचा भाऊ समजून वर्णन केला, पण त्याच वेळी त्याच्यासाठी वेगळं जीनस पण सुचवलं, हार्पाडॉन. आज बोंबलाचं पूर्ण शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस, आणि ते नेहेरियस हॅमिल्टनकडून आलंय. म्हणजे ज्या माशावर मुंबईकर एवढा हक्क सांगतात त्याची शास्त्रातली नोंद बंगालमध्ये झाली, गंगेच्या मुखाशी. (बोंबलाला इंग्रजीत बॉम्बे डक नाव कसं पडलं यावर नेटवर पोत्याने गोष्टी आहेत, मी त्यात पडत नाही, तुम्हाला हवी ती निवडा.)

मग बोंबील सॅमन नाही तर कोण? सिनोडोंटिडी नावाच्या फॅमिलीतला, इंग्रजीत ज्यांना लिझार्डफिश म्हणतात त्यांच्यातला. आणि ते आपल्या बाजारात येतात, त्यांना आपल्याकडे चोर बोंबील म्हणतात. गोल, कडक, खवल्यांचा, सरड्यासारखं डोकं, तोंडात तसेच दात. नाव ठेवणारा कोण होता माहीत नाही पण त्याला हॅमिल्टनपेक्षा जास्त कळत होतं, कारण अंगाने दोघांत काही साम्य नाही, साम्य आहे ते तोंडात. चोर बोंबील समुद्राच्या तळाशी वाळूत, चिखलात दबा धरून पडून राहतो आणि जवळून काही गेलं की झडप. त्याचं अंग घट्ट, मसलवालं. आपल्या बोंबलाने तोंड तेच ठेवलं आणि अंग पार बदलून टाकलं.

आता त्या अंगाबद्दल, कारण खरी गोष्ट तिथे आहे. ताज्या बोंबलाच्या मांसात 100 ग्रॅममध्ये 88 ते 90 ग्रॅम पाणी असतं. सुरमई-पापलेटात ते साधारण 75 च्या आसपास. ऐकायला फरक थोडा वाटतो पण उलटं बघा, पाणी सोडून जे काही उरतं ते सुरमईत 25 ग्रॅम आणि बोंबलात 10-12, म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणूनच बोंबील चिरून, मीठ लावून, वर पाटा नाहीतर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून दाबावा लागतो, नाहीतर तव्यावर रवा एकीकडे आणि बोंबील दुसरीकडे. आणि म्हणूनच वाळवला की एवढासा होतो, पण तो एवढासा म्हणजे 100 ग्रॅमला 60 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. हाडं पण तशीच, मऊ, कमी चुना असलेली, मधला काटा सोडला तर बाकीचं आपण चावून खातो आणि कळत पण नाही.

बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, पाण्यात तरंगत राहायला. बोंबलाला ती नाही, त्याच्या सगळ्या फॅमिलीलाच नाही. चोर बोंबलाला ती नसली तरी चालतं, तो तळाला बसून असतो. पण ज्याला तळ सोडून पाण्यात फिरायचंय आणि पिशवी नाही, त्याच्याकडे एक उपाय असतो, अंगच हलकं करायचं. हाड कमी, घट्ट मसल कमी, पाणी जास्त. हा उपाय वापरणारे मासे जगात भरपूर आहेत, फक्त ते बहुतेक सगळे खोल समुद्रात राहतात, जिथे अंधार असतो, खायला कमी मिळतं, पाठलाग करून पळायची फारशी गरज नसते, आणि असं पाणचट अंग वाढवायला अन्न पण कमी लागतं. मोठं तोंड, आत वळलेले दात, पाणीदार मांस, मऊ हाडं, बारीक डोळे. ही लिस्ट एखाद्याला नाव न सांगता वाचून दाखवली तर तो म्हणेल हजार मीटर खालचा कुठलातरी भुताळी मासा आहे. आणि तो मासा वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी पोत्याने मिळतो!

बोंबलाचे सख्खे भाऊ, म्हणजे त्याच हार्पाडॉन जीनसमधले, कुठे राहतात ते बघितलं की हे अजून पटतं. जीनस छोटं आहे, पाच-सहा जाती फक्त. जपानपासून फिलिपिन्सच्या बाजूला मायक्रोकिर म्हणून आहे, त्याचे छातीचे पर आपल्यापेक्षा आखूड, तो राहतो शेकडो मीटर खोल. बंगालच्या उपसागरात स्क्वॅमोसस, तो पण खोल पाण्यातला, 1891 मध्ये आल्कॉकने वर्णन केला, तोच जो इन्व्हेस्टिगेटर नावाच्या सर्व्हे जहाजावर डॉक्टर होता आणि खोल समुद्रातून निघेल ते बाटलीत भरायचा. तांबड्या समुद्रात एरिथ्रियस, तो 1983 ला नोंदला गेला, तो सुद्धा खोलातलाच. तांबडा समुद्र मजेशीर आहे, तिथे शेकडो मीटर खाली गेलं तरी पाणी 21 डिग्रीच्या आसपास गरमच राहतं, बाकी महासागरात तेवढ्या खोलीवर थंडगार असतं. आणि मग किनाऱ्याजवळचे, उथळ गढूळ पाण्यातले मुख्य दोनच: आपला नेहेरियस आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा आणि न्यू गिनीच्या बाजूचा ट्रान्सल्युसेन्स, जो नावाप्रमाणे आरपार दिसेल असा काचेरी.

माझं मत असं, आणि हे मत आहे हं, की हार्पाडॉनचं अंग मुळात खोल अंधाऱ्या पाण्यासाठीचं आहे आणि त्यातल्या दोघांना किनाऱ्यावर तसाच अंधार सापडला. चिखलात. खंबातच्या आखातात किंवा आपल्या पालघरसमोर पाणी बघितलंय ना, चहाच्या रंगाचं, हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. तिथे डोळे मोठे असून उपयोग काय. तिथे कामाला येणार ती अंगावरची रेघ, शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली, आणि आ वासलेलं तोंड.

आता नकाशा. बोंबलाचा नकाशा मला सगळ्या माशांच्या नकाशांत विचित्र वाटतो कारण त्याला मधोमध भोक आहे. सौराष्ट्रात जाफराबाद, राजपरा, नवाबंदर ही बोंबलाची मोठी ठिकाणं, तिथून खंबात, मग डहाणू, पालघर, वसई, मुंबई, रायगड, आणि रत्नागिरीपर्यंत येता येता तो विरळ होत जातो. सिंधुदुर्ग-गोव्यात बाजारात दिसतो पण बराचसा वरून आलेला. कर्नाटक-केरळ, म्हणजे एवढा मोठा मासळीचा किनारा, तिथे बोंबील जवळजवळ नाही, क्वचित मिळाला तर मिळाला. श्रीलंकेला वळसा घालून वर आलात की आंध्रात काकिनाड्याच्या बाजूला परत हजर, ओडिशा, मग हुगळीच्या मुखाशी ढिगाने, बांगलादेश, म्यानमार, मलेशिया, इंडोनेशिया आणि थेट चीनचा पूर्व किनारा. देशातला बहुतांश बोंबील गुजरात आणि महाराष्ट्र हे दोघेच पकडतात, बाकी बंगालच्या बाजूला. मधला केरळ रिकामा.

यावर विचार करणारे लोक होऊन गेलेत. सुंदरलाल होरा यांनी 1934 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये बोंबलाच्या सवयी आणि तो कुठे मिळतो यावर मोठा लेख लिहिला होता, आणि 1970 ला एस. व्ही. बापट यांची सीएमएफआरआयची, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची, अख्खी पुस्तिका बोंबलावर आहे. मी शास्त्रज्ञ नाही, पण नकाशावर बोट फिरवलं की दोन गोष्टी प्रत्येक ठिकाणी जोडीने दिसतात. एक, मोठ्या गाळाच्या नद्या. खंबातात नर्मदा, तापी, मही, साबरमती. काकिनाड्याला गोदावरी. बंगालमध्ये गंगा-ब्रह्मपुत्रा, म्यानमारमध्ये इरावती, चीनमध्ये यांगत्से. दोन, भरती-ओहोटी. भावनगरला उधाणाच्या भरतीला पाणी 10 मीटरच्या आसपास चढउतार करतं, मुंबईत 4-5 मीटर, आणि खाली कोचीला गेलात तर जेमतेम 1 मीटर. पाणी दिवसातून दोनदा एवढं आत-बाहेर झालं की गाळ खाली बसतच नाही, कायम ढवळलेला. केरळात चिखल नाही असं नाही, पावसाळ्यात तिथे किनाऱ्याला चिखलाचे पट्टे तयार होतात आणि त्यात मासे पण खूप येतात, पण तो हंगामी चिखल, आणि पाण्याला अशी ओढ नाही.

इथे एक शंका मात्र काढायलाच हवी. बोंबील आपण पकडतो कशाने? डोलने. डोल म्हणजे लांबलचक निमुळती पिशवी, तोंडाशी मोठी भोकं, शेवटाकडे बारीक होत जाणारी, समुद्रात खुंट ठोकून किंवा नांगर टाकून एका जागी बांधून ठेवायची. होडी ओढत नाही, पाणीच येतं आणि मासळी आत ढकलून जातं, पाणी थांबलं की पिशवीचं टोक उचलून सोडायचं. उधाणाला डोल भरते, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, ओढ कमी म्हणून मासळी पण कमी. म्हणजे डोल चालायला भरती-ओहोटी लागते, मग जिथे डोल तिथेच बोंबील दिसणार ना? केरळात बोंबील नाही की केरळात डोल नाही? बंगालमध्ये पण तीच गत, तिथे बेहुंदी नावाचं अगदी असंच बांधलेलं पिशवीचं जाळं आहे आणि बोंबील त्यातच येतो. पण केरळच्या किनाऱ्यावर ट्रॉलरनी कित्येक वर्षं तळ खरवडून काढलाय, त्यांना चोर बोंबील ढिगाने मिळतो, बोंबील मिळत नाही, तेव्हा भोक खरं आहे असंच मला वाटतं. मासा आणि जाळं दोघं एकाच पाण्यावर अवलंबून आहेत एवढंच.

बोंबील जोरात पोहणारा नाहीच, मसलच नाही तेवढं. ओढीबरोबर वाहतो आणि वाहता वाहता खातो. लहानपणी मुख्यतः जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, मोठा झाला की कोळंबी, करंदी, छोटे मासे, आणि स्वतःचीच पिल्लं. हे शेवटचं खूप जणांना माहीत नसतं. बोंबलाच्या पोटात बोंबील निघणं यात काही विशेष नाही, साफ करताना नीट बघितलं तर दिसतो, कधी कधी तर गिळलेला त्याच्या निम्म्या लांबीचा. पोट ताणलं जातं, कातडी पातळ, आतलं बाहेरून दिसतं. ज्या पाण्यात एकाच जातीचे इतके मासे एकत्र वाहतायत तिथे समोर येईल ते खायचं म्हटल्यावर भाऊबंद समोर येणारच.

2023 ला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून पापलेट जाहीर झाला. दिसायला राजबिंडा आहे, महाग आहे, कमी होत चाललाय, सगळं मान्य. पण पापलेट इराणच्या आखातातही मिळतो आणि इंडोनेशियातही, आणि माझ्या मते तो पाहुण्यांसमोर ठेवायचा मासा. या किनाऱ्याच्या गढूळपणाशी, उधाणाशी, डोलीशी एवढा जखडलेला मासा बोंबीलच. असो, मला कोणी विचारलं नव्हतं.

बंगाली लोक बोंबील दाबत नाहीत हे मला फार उशिरा कळलं. ते लोट्टे म्हणतात, कढईत टाकतात, त्याचंच पाणी सुटू देतात, काटा काढून टाकतात आणि कांदा-लसूण-मिरचीबरोबर परतत राहतात, पाणी पूर्ण आटून भुगा होईपर्यंत. आपण त्याला आकारात ठेवायला एवढी मरमर करतो आणि ते त्याला मुद्दामच मोडू देतात. दोन्ही चांगलं लागतं पण भाकरीबरोबर त्यांचं मला जास्त आवडलं, आईसमोर हे बोलता येत नाही.

डोलीचा एक त्रास आहे तो सांगायलाच हवा. बांधलेली पिशवी निवड करत नाही. टोकाची भोकं इतकी बारीक असतात, कारण जवळा पण त्यातच धरायचा असतो, की बोटभर बोंबील पण आत राहतो. बोंबील साधारण 20 सेंटीमीटरच्या पुढे गेला की अंडी घालायला लायक होतो, वाढतो 40 पर्यंत, बाजारात येतात ते बहुतेक 25 च्या आसपास. बोटभर लांबीचा बोंबील वाट्यात बसत नाही, तो सुकटीत जातो नाहीतर फिशमीलला. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान पकडायची नाही. ट्रॉलरवाल्याला, गळवाल्याला ते जमू शकेल. डोलवाल्याने काय करायचं, पिशवी वर येईपर्यंत आत काय आहे ते त्याला दिसत नाही आणि वर आल्यावर बोंबील जिवंत नसतो. जवळ्याची डोल वेगळी आणि बोंबलाची वेगळी, मोठ्या भोकाची, असं काही जणांचं म्हणणं आहे आणि ते शहाणपणाचं वाटतं, पण एकाच होडीवर दोन डोली ठेवायच्या म्हणजे खर्च दुप्पट, खुंट दुप्पट, आणि जवळा-बोंबील एकाच ओढीत एकत्र येतात कारण एक दुसऱ्याला खायला आलेला असतो.